दोन दातांची खोबण

माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, दात राहतात. भाजी घेताना समोरून कुणी ओळखीचं हसलं की मला आधी त्याचा वरचा डावा सुळा आठवतो, मग आडनाव, आणि नाव बहुतेक वेळा आठवतच नाही. खांदेश्वरला इतकी वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर दुसरं काय होणार? माझा नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी आधी देवाच्या तोंडात बघशील. बघतेही.

मास्तर पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा मी तेच केलं. वरच्या पुढच्या दोन दातांच्या कडा मधोमध झिजून तिथे एक गुळगुळीत, उथळ खोबण पडली होती. जुन्या शिंप्यांच्या दातांना अशी खाच असते, दोरे तोडून तोडून पडलेली. पण ती अगदी बारीक. ही चांगली रुंद होती. "शिवणकाम करता का?" मी विचारलं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. 'थांबा' म्हणून हात वर केला, तोंडातून एक चपटी पट्टी काढली, शर्टाच्या खिशातल्या डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि मग म्हणाले, "न्हाई. फुंकतो."

ती पट्टी म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाला बांधायची पत्ती. वेताची असते, आणि ओली असल्याशिवाय बोलत नाही. म्हणून वादक वाजवण्याआधी ती दोन मिनिटं तोंडात धरतात. मास्तर दिवसभर धरायचे. बाजारात, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा. कुणी काही विचारलं की हात वर, पत्ती बाहेर, डबी, झाकण, आणि मग उत्तर. एवढा सगळा खटाटोप करून द्यावं असं उत्तर नसेल तर मास्तर नुसतेच भुवया उडवायचे. त्यामुळे त्यांच्या तोंडून फालतू वाक्य मी कधी ऐकलं नाही. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "लगीन झाल्यावर पंधरा दिस मला वाटलं, मुका नवरा गळ्यात बांधला. आईला तसं कळिवलं पन हुतं."

त्या पहिल्या दिवशी मी त्यांना खरं ते सांगितलं. हिरड्या गेल्यात, अंगात साखर आहे, दात धरून ठेवणारं हाड विरत चाललंय, हे पुढचे दात फार दिवस टिकायचे नाहीत. आज काढले तर बरं. मास्तर म्हणाले, "ह्ये दात माझ्या एकट्याचं न्हाईत, डॉक्टरबाई. तिला इचारून सांगतो." मला वाटलं, काकूंना विचारणार. दुसऱ्या दिवशी माणूस काळी पेटी घेऊन हजर. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी क्लॅरोनेट जोडली, वरचे दात माउथपीसवर टेकवले, आणि एकच सूर धरला. खालचा, जाड, काही केल्या न संपणारा. वाट बघणारे पेशंट दारात येऊन उभे राहिले. सूर संपल्यावर मास्तरांनी पत्ती डबीत ठेवली. "ती न्हाई म्हनती," ते म्हणाले आणि पेटी उचलून निघून गेले.

मी दर तीन महिन्यांनी त्यांच्या हिरड्या साफ करत राहिले आणि दात कसेबसे टिकत राहिले. ती तीन वर्षं माझ्या दवाखान्याला फार वाईट गेली, आणि मला फार चांगली.

त्याचं असं झालं. मास्तर घरी क्लॅरोनेट शिकवायचे आणि त्यांची शिकवण्याची रीत विचित्र होती. पहिला एक महिना शिष्याच्या हातात क्लॅरोनेट द्यायचीच नाही. नुसता माउथपीस आणि पत्ती. त्यातून जो आवाज निघतो तो ज्याने ऐकला असेल त्याला वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली की तिसऱ्या मजल्यावर बदकं पाळलेली आढळल्यास कारवाई होईल. मास्तरांनी नोटीस वाचली, भुवया उडवल्या आणि माझ्याकडे आले. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो आणि मागची खोली रिकामी असते, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. मी हो म्हणून बसले.

आता चित्र असं. बाहेर पाटी, दातांचा दवाखाना. दार बंद. आणि आतून कुणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळतंय. चार वाजता दार उघडलं की बाहेर बाकावर चार वाजताचे पेशंट नसायचेच. एका आजोबांनी तर अक्कलदाढ काढायला पनवेलची वाट धरली, आणि घरी जाऊन सांगितलं की बाई भूल देत नाहीत.

मास्तर शिष्यांना त्यांच्या खोडीवरून हाक मारत. महाप्याला कॉम्प्युटर कंपनीत रात्रपाळी करणारी एक मुलगी होती, तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटायची. तिचं नाव गळकी. आईवडिलांनी चांगलं पाच अक्षरी नाव ठेवलं होतं, पण तीसुद्धा फोन करून मला सांगायची, "मॅडम, गळकी बोलतेय, मास्तरांना सांगा ना, आज लेट होईल." एक दिवस ती वैतागली. "महिना झाला, मास्तर. मी यूट्यूबवर बघितलं, लोक पहिल्याच दिवशी गाणं वाजवतात." हात वर, पत्ती, डबी, झाकण. "सूर श्वास आत घेताना तयार होतो," मास्तर म्हणाले. "भाईर टाकताना तो नुसता ऐकू येतो. तू अजून घेतेस कुठं? नुसतीच टाकतेस." दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली.

त्यांची स्वतःची हकीकत मला तुकड्यातुकड्यांत कळली, कारण ती खुर्चीत बसल्यावरच निघायची, आणि खुर्चीत बसल्यावर मी त्यांच्या तोंडात कापूस भरायची. साताऱ्याकडचं गाव. चुलत्याचा बॅन्ड. सोळाव्या वर्षी लाल कोट अंगावर चढला तो बाह्या दोनदा दुमडून. मग मुंबई, लग्नसराई, गणपती, एका नावाजलेल्या बॅन्डमध्ये पुढच्या रांगेत जागा. लोक डीजेच्या मागे गेले तसे बॅन्ड एकेक करून बसले. मुलाने खांदेश्वरला फ्लॅट घेतला, तेव्हा मास्तर लाल कोट आणि पेटी घेऊन इकडे आले. कोट स्वयंपाकघरात दाराच्या मागे टांगलेला असे आणि काकू त्याच्या खिशात लसणीच्या पाकळ्या ठेवत. झुरळं येत नाहीत म्हणे.

एकदाच त्यांना सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बोलावलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवलं, चार ओळी वाजवून घेतल्या आणि शेवटी त्या चारही ओळी काढून टाकल्या. ही गोष्ट सांगताना त्यांना वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. "माझा सूर न्हाई त्या गान्यात," ते म्हणायचे. "पन त्या जागी दुसरं काय घातलं न्हाई त्यांनी. नुसतं मोकळं सोडलंय. ते गानं लागलं की ती मोकळी जागा येती, आन मी हिला म्हनतो, ऐक, मी आलो." काकू खरंच ऐकायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता चाळीस वर्सं ऐकतीया. येतंय की ऐकू."

रविवारी मास्तर मोऱ्याला जायचे. तिथे उरणच्या धक्क्याजवळ कोळी पोरांचा बॅन्ड होता, त्याला ते शिकवत. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई असते. भटजी असला तरी तिच्या गाण्याशिवाय पान हलत नाही. मोऱ्याची धवलारीण सत्तरी कधीच ओलांडलेली, काळीसावळी, पाठीत वाकलेली, आणि तोंडात एक दात नाही. सगळं मिश्रीने आणि वयाने नेलेलं. माझ्या धंद्याला तिच्याकडे बघून रडूच यावं.

पहिल्या लग्नात इतर बॅन्डवाले चहा पीत असताना मास्तर मांडवात तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते, पत्ती तोंडात, डोळे मिटून. नवरी घराबाहेर काढायची वेळ झाली, बॅन्डने सिनेमाचं गाणं सुरू करायचं, तर मास्तरांनी हात वर केला आणि म्हातारीने शेवटी म्हटलेली धवल्याची ओळ क्लॅरोनेटवर जशीच्या तशी परत वाजवली. तिच्या आवाजातला कंपसुद्धा सोडला नाही. म्हातारी उठली आणि म्हणाली, "हां. आता काढा नवरीला." तेव्हापासून त्या आळीत रीतच पडली. मास्तरांनी ओळ परत दिल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. शास्त्रात कुठे नसेल, पण मोऱ्यात आहे.

गेल्या दसऱ्यानंतर त्यांचे ते दोन दात बोट लावलं तरी हलायला लागले. ताप येऊ लागला. मी यावेळी कुणालाही विचारू दिलं नाही. स्क्रू बसवून पक्के दात करावेत तर हाड उरलं नव्हतं. म्हणून काढून कवळी हाच एक मार्ग. मास्तर खुर्चीत बसले. मी दातांचं माप घेतलं, दात काढले, कापूस दाबायला दिला. ते एकच वाक्य बोलले, "वैशाखात म्हातारीच्या नातीचं लगीन हाय. तवर द्याल नव्हं?" मी म्हटलं, "त्याच्या कितीतरी आधी."

आणि दिलेही. काय सुंदर दात होते ते. रंग जुळलेला, कडा सरळ, उजवा किंचित डाव्यावर चढलेला होता तोही मी सुधारून घेतला. लॅबवाल्याला फोन करून तीनदा बजावलं होतं की झीज अजिबात दिसता कामा नये. कवळी बसवून मी आरसा दिला. काकू पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या, लग्नातल्या फोटोत असेच दिसत होते. मास्तरांनी आरसा खाली ठेवला, पेटी उघडली, माउथपीस तोंडात धरला. तो घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. त्यांनी जिभेने ते दात चाचपले, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षं ज्या खोबणीत क्लॅरोनेट बसत होती ती मी भरून टाकली होती. बरं दिसावं म्हणून.

"डॉक्टरबाई," मास्तर म्हणाले, "तुमी मला चांगलं दात दिलं. मला माझं पायजे हुतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातून दाढा तुटल्यात, मुळं आत राहिलीत, लोकांनी मला तोंडावर शिव्या दिल्यात. त्या कशाचंही मला एवढं लागलं नाही.

मापाचा साचा माझ्याकडे होता. मी लॅबवाल्याला समोर बसवून दुसरी कवळी करून घेतली. खोबण तीच, उजव्याचं डाव्यावर चढणंही तेच. यावेळी माउथपीस बरोबर बसला. मास्तरांनी फुंकलं आणि सुराबरोबर कवळी टाळ्यावर थरथरायला लागली, जणू आत एखादी माशी अडकली होती. वरचा सूर घेतला तेव्हा ती निसटून त्यांच्या मांडीवर पडली. गळकी तिथेच होती. तिने मान फिरवली. मास्तरांनी कवळी रुमालाने पुसली. "दात बराबर हाईत," ते म्हणाले. "पन पाव्हनं हाईत. पाव्हन्याला काम कसं सांगायचं?"

त्यानंतर त्यांनी पेटी उघडली नाही. शिकवायलाही येईनात. वाजवून दाखवता येत नसेल तर नुसतं सांगायला मी काय सेक्रेटरी आहे, म्हणाले. आणि पत्ती तोंडात ठेवणं सोडलं. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं. रस्त्यात भेटले की लगेच बोलायचे. कसं काय डॉक्टरबाई, आज उकडतंय, टमाटे महाग झालेत. मला असले मास्तर नको होते.

माघात ते म्हणाले, मोऱ्याला जाऊन सांगून येतो, दुसरा वाजवणारा बघा. मी माझ्या गाडीतून नेलं. म्हातारी अंगणात सुकटीवरच्या मांजरांना काठी दाखवत बसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. तोंडातली कवळी काढून तिच्यापुढे धरली, पुरावा म्हणून. तिने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली.

"दात गेलं तं गेलं," ती म्हणाली. "सूर काय चावून खातस?"

मास्तरांनी कवळी खिशात टाकली.

"मना बघ. येक दात नाय. पोरी बोलतान, आये, तुजा आवाज येवरा कसा लागतंय? मी बोलतंय, व्हट हायत ना." तिने आपले दोन्ही ओठ आत दुमडून हिरड्यांवर घेतले, दाबले आणि त्या मिटल्या तोंडातून धवल्याची ओळ गुणगुणली. शब्द नव्हते, नुसता सूर. तो अंगणभर ऐकू येत होता. "माझ्या नातीला मी उंबऱ्यात उभी ठेवीन," ती म्हणाली. "तू येशील तवा जाईल ती. तुजा तू बघ."

परत येताना करळच्या पुलाच्या आसपास मास्तरांनी शर्टाच्या खिशातून डबी काढली. झाकण उघडलं. पत्ती तोंडात ठेवली. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण मला समोरचं दिसेना. एवढ्या तेवढ्याला रडणारी बाई नाही मी, पण रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ते दवाखान्यात हजर. कवळी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली. गळकी आणि बाकीचे दोघंतिघं शिष्य बोलावून घेतले होते. सगळ्यांसमोर त्यांनी वरचा ओठ दुमडून हिरडीवर घेतला, त्यावर माउथपीस टेकवला आणि फुंकलं. बदक. तेच ते, सेक्रेटरींच्या नोटिशीतलं. गळकी न राहवून म्हणाली, "मास्तर, क्लॅरोनेट जोडून बघा ना, कदाचित जमेल." हात वर, पत्ती, डबी, झाकण. "पयला म्हैना नुसता माउथपीस," मास्तर म्हणाले. "कायदा सगळ्यांना येकच."

आणि खरोखर महिनाभर त्यांनी क्लॅरोनेटला हात लावला नाही. ओठ आतून सोलवटून निघाला, मी मलम लावायची, काकू वरण-भाताशिवाय काही देत नव्हत्या. एक दिवस त्यांनी गळकीला समोर बसवलं. "माझी खोड सांग." ती लाजली. "सांग. मी तुला तीन वर्सं सांगतोय." तिने अगदी हळू सांगितलं, "उजव्या कोपऱ्यातून हवा सुटतेय, मास्तर." मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तिला त्याच दिवशी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. ती म्हणाली, नको, विचित्र वाटतं. मग 'गळकी' हेच नाव दोघांनी वाटून घेतलं. दोन गळके समोरासमोर बसून फुंकायचे आणि मी बाजूला अवजारं उकळत ठेवायची. चारचे पेशंट त्या महिन्यात पुन्हा पनवेलला गेले. जाऊ देत, म्हटलं.

चैत्रात क्लॅरोनेट जोडली. आधीचा सूर नव्हता तो. आधीचा भरीव होता, धारदार होता. हा जरा मऊ, कडेला थोडा विरलेला. मी तसं बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, "व्हय. आता तो माझ्या वयाचा झाला."

वैशाखात लग्न दुपारचं होतं. मोऱ्याच्या त्या आळीत मांडव, हळदीने पिवळी झालेली माणसं, मटणाचा वास. मास्तरांनी लाल कोट घातला होता. त्याला अजून लसणीचा वास येत होता. म्हातारीने सकाळपासून गाऊन नातीची हळद, चुडा, सगळं पार पाडलं. मग नवरी उंबऱ्याशी आली आणि थांबली. म्हातारीने शेवटची ओळ म्हटली. म्हणताना तिचा आवाज मध्येच फाटला, कारण नात तिची होती. ती सावरली नाही, तशीच ओळ संपवून बसली.

मास्तर माझ्याकडे वळले, कवळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती रुमालात गुंडाळली. त्यांनी ओठ दुमडले, डोळे मिटले. श्वास आत घेतलेला मला दिसला, कोटाची सोनेरी बटणं ताणली गेली. आणि ओळ आली. मऊ, कडेला विरलेली, संथ. म्हातारीचा आवाज जिथे फाटला होता तिथे मास्तर पोचले आणि सूर बंद झाला. हवा सुटली की काय, असं मला वाटलं. सुटली नव्हती. ते थांबले होते. तेवढी जागा त्यांनी मोकळी सोडली, आणि मग पुढे जाऊन ओळ पुरी केली. माझ्या शेजारी काकू कान देऊन उभ्या होत्या. नेमक्या त्या मोकळ्या जागीच त्या हसल्या.

म्हातारी भिंतीला धरून उठली. पदराने तोंड पुसलं. "हां," ती म्हणाली. "आता काढा माझे नातीला."

नवरीने उंबरा ओलांडला, पोरांच्या बॅन्डने धूमधडाका सुरू केला, माणसं नाचायला लागली. मी रुमाल मुठीत घट्ट धरून उभी होते. मास्तर गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. ओठ सुजला होता. पत्ती काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि हात पुढे केला.

"द्या ते पाव्हनं," म्हणाले. "मटन हाय. आता चावायचंय."